क्रोधाजी, ममताई आणि आपण सगळ्या

'तत्त्वज्ञान' हा शब्द नुसता कानावर पडला, तरी आपल्यातल्या निम्म्या जणींना गॅसवर दूध ठेवल्याचं आठवतं! उरलेल्या निम्म्या बसतात खऱ्या, पण पदराआड जांभई लपवत. ब्रह्म, माया, जीव, शिव असे शब्द सुरू झाले की वाटतं, हे काही आपल्यासाठी नाही. हे कुणा शिकलेल्यांचं, निवांत बसलेल्यांचं काम. आपल्याला कुठं वेळ आहे?

पण मैत्रिणींनो, खरं सांगा, भांडी घासताना कधी हात थांबत नाही का आपला? 'मेलं, हे सगळं कुणासाठी करतेय मी?' असं मनात येत नाही का? पोरं मोठी होऊन पुण्या-मुंबईला गेली, घर रिकामं झालं, की 'आता माझं काय?' असं वाटत नाही का? सकाळी सकाळी ज्याच्यावर ओरडलो, त्याच्याच डब्यात दुपारी लाडू भरताना 'मघाशी एवढा राग कुठून आला होता गं?' असा प्रश्न पडत नाही का? पडतो. रोज पडतो. हेच ते तत्त्वज्ञान. मी कोण, माझं काय, राग कुठून येतो, सुख कशात आहे, हेच प्रश्न मोठमोठ्या ग्रंथांत आहेत. प्रश्न आपल्याच घरातले, उत्तरं मात्र जड शब्दांच्या कपाटात कुलूपबंद. आणि किल्ली हरवलेली.

ती किल्ली सव्वाचारशे वर्षांपूर्वी पैठणच्या एका माणसाला सापडली होती. किल्लीचं नाव हसू. माणसाचं नाव एकनाथ.

पंडिताच्या घरातलं हसू

एकनाथ महाराजांचा काळ इ.स. १५३३ ते १५९९ असा मानतात. पैठण आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे. त्या काळी गोदाकाठचं हे गाव म्हणजे शास्त्री-पंडितांचं मोठं ठाणं. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर राहायचे. नाथ तिथं शिकले. पुढे त्यांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावर मराठीत टीका लिहिली, ती १५७३ मध्ये काशीत पूर्ण केली. आपण तिला 'एकनाथी भागवत' म्हणतो. १८ हजारांहून जास्त ओव्या आहेत त्यात! ज्ञानेश्वरी लिहून तोवर जवळजवळ तीनशे वर्षं होत आली होती आणि नकला करता करता तिच्यात कितीतरी चुका शिरल्या होत्या. १५८४ मध्ये नाथांनी ती तपासून शुद्ध प्रत तयार केली. आज आपल्या देवघरात ज्ञानेश्वरी आहे, त्यात नाथांचाही हात आहे.

हे एवढं सविस्तर सांगायचं कारण असं, की गमतीजमतीनं बोलणारा माणूस उथळ असणार, असा आपला एक समज असतो. ज्याला खोल काही कळत नाही तो विनोद करतो, आणि ज्याला कळतं तो गंभीर चेहरा करून बसतो! नाथांनी हा समजच उलटा केला. ज्या हातानं ज्ञानेश्वरीतला एकेक शब्द निरखून पारखून घेतला, त्याच हातानं त्यांनी विंचवावर, भुतावर, एडक्यावर, नवऱ्याला कंटाळलेल्या बाईवर भारुडं लिहिली. ज्याच्या घरात धान्य भरपूर, त्यालाच मूठ मूठ वाटता येतं. तसंच ज्ञानाचं आहे.

भारूड म्हणजे काय, हे आपल्या गावाकडच्या बायकांना वेगळं सांगायला नको. जत्रेत, सप्ताहात, दिंडीत आपण ते बघितलेलं असतं. एखादा माणूस लुगडं नेसून येतो, कमरेवर हात ठेवून सासूची गाऱ्हाणी सांगतो आणि मांडव हसून लोटपोट होतो. नाथांनी त्यांच्या अवतीभवती दिसणारं कुणी म्हणजे कुणी सोडलं नाही. पहाटे येणारा वासुदेव, पत्रिका बघणारा जोशी, गोंधळी, वाघ्या-मुरळी, कोल्हाटीण, आंधळा, बहिरा, मुका अशा सगळ्यांना त्यांनी बोलायला लावलं. त्या काळात या माणसांचं कोण ऐकून घेत होतं? नाथांनी वेदान्त सांगायचं काम त्यांच्याकडे दिलं.

त्यातला मुका तर ऐकण्यासारखा आहे. मुका कसा झाला, ते तोच सांगतो. आधी म्हणे हा मोठा पंडित होता. चारही वेद तोंडपाठ. पण गर्व झाला आणि वाचाच गेली! म्हणजे बघा, स्वतः पंडित असलेल्या माणसानं पंडितांचीच फिरकी घेतली. दुसऱ्याला हसणं सोपं असतं. आपल्याच ताटातल्या खड्याला हसायला मोठं मन लागतं.

आणि 'विंचू'? काम-क्रोधाचा विंचू डसलाय, अंगाची आग आग होतेय, घामाच्या धारा लागल्यात, आणि त्यावर उतारा आहे तो सत्त्वगुणाचा. शेतात, सरपणात विंचू चावलेल्या बाईला हे किती पटकन कळलं असेल! रागाची व्याख्या सांगा म्हटलं तर ती गप्प बसेल. पण राग विंचवासारखा चढतो, आधी कळत नाही आणि मग सगळ्या अंगभर होतो, हे तिला कुणी शिकवायची गरज नाही.

शरीराबाद परगण्याची अर्जी

माझं सगळ्यात आवडतं भारूड मात्र वेगळंच आहे. ते आहे चक्क एक सरकारी अर्ज! त्या काळच्या दरबारी, फारसी शब्दांनी भरलेल्या भाषेत नाथांनी 'अर्जदस्त' लिहिली आहे. आपल्या तहसील कचेरीतल्या अर्जाची भाषा वाचून जसं डोकं गरगरतं ना, तशीच ती भाषा. अर्ज कुणाचा? तर जिवाजी नावाच्या अधिकाऱ्याचा. त्याचा कारकून बुधाजी. परगणा कोणता? तर शरीराबाद! किल्ला कायापुरी. तक्रार काय? तर या परगण्यातली बडी मंडळी अजिबात कामच करू देत नाहीत. ही बडी मंडळी म्हणजे दंभाजी शेटे, कामाजी महाजन, मनीराम देशमुख, ममताई देशपांडीण आणि क्रोधाजी नाईकवाडी!

शेटे, महाजन, देशमुख, देशपांडे, नाईकवाडी ही तेव्हाची मानाची आणि हुद्द्याची नावं. गावातली सत्ता यांच्याच हातात. म्हणजे जीव बिचारा या देहात कारभार करायला आला, बुद्धी मदतीला घेतली, पण इथं आधीच दंभ, काम, मन, ममता आणि क्रोध ठाण मांडून बसलेत. नेमणूक याची आणि हुकूम त्यांचा! नव्या ठिकाणी बदली होऊन गेलेल्या कुणालाही हे पटेल. नवीन सुनेला तर नक्कीच पटेल.

आमच्या बचत गटाची बैठक महिन्याच्या दहा तारखेला असते. हिशेब झाला, हप्ते जमा झाले, की चहा होईपर्यंत काहीतरी वाचायचं अशी पद्धत आम्ही ठेवली आहे. एकदा मी ही अर्जी वाचली. जुने शब्द थोडे सोपे करून सांगितले. पहिल्यांदा नुसता हशा पिकला. 'आमच्याकडं क्रोधाजी नाईकवाडी साडेसातला घरी येतात, जेवायला!' असं एकीनं म्हटल्यावर तर चहाचे कप हिंदकळले. दुसरी म्हणाली, 'दंभाजी शेटे आमच्या शेजारी राहतात, नवीन गाडी घेतलीय त्यांनी.' तिसरीनं जावेचं नाव घेतलं. प्रत्येकीच्या नजरेसमोर कुणी ना कुणी होतंच.

मग कोपऱ्यात बसलेली, एरवी फारसं न बोलणारी एक बाई हळूच म्हणाली, 'ममताई देशपांडीण म्हणजे मीच की. लेकाचं लग्न होऊन चार वर्षं झाली, अजून त्याच्या डब्यात काय द्यायचं ते मी सुनेला ठरवू देत नाही.'

हसू थांबलं नाही, पण त्याचा आवाज बदलला. तोवर आम्ही दुसऱ्याला हसत होतो, आता प्रत्येकीला वाटलं, बाई गं, परगणा तर माझाच आहे! एकेक जण सांगायला लागली. आमच्या घरी दंभाजी हळदीकुंकवाच्या दिवशी येतो. मनीराम रात्री झोपू देत नाही. कुणी कुणाला उपदेश केला नाही, कुणी रडलं नाही, आणि तरी मनातलं बोलून झालं.

मला वाटतं, नाथांच्या विनोदाची खरी किमया हीच आहे. कडू गोळी साखरेत घोळवून द्यावी तसं त्यांनी तत्त्वज्ञान विनोदात घोळवलं, असं आपण नेहमी ऐकतो. ते तितकंसं खरं नाही. साखर चघळली की गोळी थुंकून टाकता येते. इथं हसणं हीच गोळी आहे. माणूस स्वतःला हसतो, तेव्हा तो क्षणभर स्वतःपासून चार पावलं लांब उभा राहून स्वतःकडे बघतो. 'मला राग आला' याच्या जागी 'क्रोधाजी आले' असं म्हणता आलं, की राग वेगळा आणि मी वेगळी हे कळतं. मोठमोठे ग्रंथ हेच तर सांगतात, की विकार म्हणजे तू नव्हेस, तू त्याला बघणारी आहेस. आमच्या गटातल्या बायकांनी ते एका कप चहात समजून घेतलं.

नाथांच्या घरातही हे हसू मुरलेलं होतं, असं परंपरेनं चालत आलेल्या गोष्टींवरून दिसतं. ती गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. नाथांना राग आणून दाखवलास तर पैसे देऊ, असं आमिष कुणीतरी एका माणसाला दाखवलं. तो घरात घुसला, नाथांना नाही नाही ते करून बघितलं, पण नाथ हसतच राहिले. शेवटी जेवणाच्या वेळी गिरिजाबाई वाकून वाढत होत्या, तर हा पठ्ठ्या थेट त्यांच्या पाठीवर जाऊन बसला. नाथ म्हणाले, अगं सांभाळ, पाहुणे पडतील हं! त्यावर गिरिजाबाई म्हणाल्या, काळजी नको, आपल्या हरीला पाठीवर घेऊन कामं करायची सवय आहे मला. माणूस खजील होऊन पाया पडला. गोष्टीत सगळे नाथांची शांती वाखाणतात. मला मात्र गिरिजाबाईंचं उत्तर जास्त आवडतं. एका वाक्यात त्यांनी त्या बाप्याचं लेकरू करून टाकलं!

एकटी राहू दे, म्हणजे काय?

नाथांचं 'रोडगा' भारूड तर घरोघरी पोचलेलं आहे. एक बाई भवानीआईला नवस बोलते आहे. रोडगा वाहते म्हणते, पण मागणं काय? सासरा गावाला गेलाय, त्याला तिकडंच संपव. सासू जाच करते, तिला लवकर उचल. जाऊ तडातडा बोलते, तिचंही काहीतरी कर. नणंदेचं पोरगं किरकिर करतं, त्याला खरूज होऊ दे! नवऱ्याचाही बळी देते म्हणते. आणि शेवटी, सगळे जाऊ देत, मला एकटीला राहू दे.

नवरात्रात आमच्याकडे एका मंडळानं हे भारूड ठेवलं होतं. पहिल्या रांगेत सासवा आणि सुना शेजारी शेजारी बसलेल्या. सुना तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि सासवा? त्या तर टाळ्या देऊन हसत होत्या! कारण प्रत्येक सासू कधीतरी सून होतीच ना. तिनंही कधीतरी चुलीपुढं हाच नवस मनातल्या मनात बोललेला. जे उभ्या आयुष्यात तोंडातून निघालं नाही, ते चारचौघांत कुणीतरी गाऊन टाकलं. मोकळं वाटतं हो! चारशे वर्षांपूर्वी एका संतानं बायकांच्या पोटातला हा राग ओळखला, त्याला पाप म्हटलं नाही, उलट गाणं दिलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

कार्यक्रम झाल्यावर आम्ही काही जणी सतरंज्या गोळा करत होतो. कीर्तनकार सांगतात तो अर्थ मी सांगत होते. सासू म्हणजे माया, सासरा म्हणजे अहंकार. प्रत्येकाच्या सांगण्यात अर्थ थोडा बदलतो, पण मुद्दा एकच, की मनाला जखडणारे हे नातेवाईक गेले की जीव मोकळा होतो, एकटा उरतो. मदतीला आलेल्या एक आजी, सत्तरीच्या पुढच्या, ऐकत होत्या. म्हणाल्या, 'ते खरं असंल बाई. पण मी राहून बघितलंय एकटी. मालक गेले, पोरं पुण्याला. पाच वर्षं झाली. सासूचा जाच नाही, जावेचं बोलणं नाही. पण घर खायला उठतं. तुमच्या नाथांना विचार, एकटं राहून काय मिळतं?'

हातातली सतरंजी हातातच राहिली. कुठल्याही पंडितानं विचारावा असा प्रश्न होता तो. आम्ही तिथंच बसलो. मग एकीनं दुसरीला, दुसरीनं तिसरीला विचारत बोलणं सुरू झालं. घर रिकामं झालं तरी मनातली माणसं जातात का? आजीच म्हणाल्या, 'नाही गं. सासू जाऊन तीस वर्षं झाली, अजून तिच्याशी भांडते मी मनात.' आणि स्वतःच खुदकन हसल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, 'म्हंजे ती घरातनं गेली, माझ्यातनं गेलीच न्हाई. नाथ तिला तिथनं घालवायला सांगत्यात व्हय?'

यापेक्षा चांगला अर्थ मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही. बी.ए.ला मराठीत भारुडावर प्रश्न होता, मी त्याचं उत्तर पाठ करून लिहिलं होतं. तत्त्व समजलं ते मात्र सतरंजीवर. आणि बघा, आधी मांडवभर हसू झालं नसतं, तर आजींनी तोंड उघडलं असतं का? प्रवचन असतं तर त्या हात जोडून, मान हलवून घरी गेल्या असत्या. हसल्या, म्हणून धीर आला. धीर आला, म्हणून प्रश्न विचारला. आणि प्रश्न विचारला, म्हणून त्यांना स्वतःचं उत्तर मिळालं. आता त्या आमच्या मंगळवारच्या भजनाला येतात. घर अजून खायला उठतं म्हणतात, पण सासूशी भांडण मिटलंय!

खराटा, डफ आणि वऱ्हाडी बोली

नाथांची ही वाट पुढं बंद पडली नाही. विदर्भात जन्मलेल्या गाडगेबाबांचंच बघा. १८७६ चा जन्म, १९५६ मध्ये ते गेले. शाळेचा गंध नाही, हातात खराटा, डोक्यावर मडक्याचं खापर. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनातून माणसांची डोकी झाडायची. त्यांच्या कीर्तनात प्रश्न असायचे. आपल्या वऱ्हाडी बोलीत ते समोरच्यांना विचारायचे, लोक उत्तर द्यायचे, आणि उत्तर देता देता स्वतःच्याच उत्तराला हसायचे. कर्ज काढून सण करणारा, देवापुढं बकरं कापणारा, मुलाला शाळेत न घालणारा, असे सगळे त्या हसण्यात सापडायचे. हसता हसता माणूस पकडला जायचा आणि राग मात्र येत नसे, कारण बोलणारा स्वतः फाटक्या चिंध्या पांघरून त्यांच्यातलाच होऊन उभा असे.

शाहीर साबळे (१९२३–२०१५) यांनी नाथांचा 'विंचू' आणि 'दादला' रेडिओ-तबकड्यांवरून आपल्या ओसरीपर्यंत आणला. ज्यांनी कधी नाथांचा ग्रंथ उघडला नाही, त्यांनाही ती भारुडं तोंडपाठ झाली. आणि पूर्वी पुरुषच लुगडं नेसून बाई व्हायचे, तिथं पंढरपूरच्या चंदाताई तिवाडींसारख्या बायकांनी स्वतः उभं राहून भारूड गाजवलं. बाईचं गाऱ्हाणं बाईच्या तोंडून आलं, की त्याचा ठसका वेगळाच!

दोन तोंडांचा पक्षी

'भारूड' हा शब्द कुठून आला यावर जाणकारांची वेगवेगळी मतं आहेत. कुणी म्हणतात, 'बहुरूढ', म्हणजे लोकांत खूप रुळलेलं, यावरून आला. कुणी त्याचा संबंध 'भारुंड' पक्ष्याशी जोडतात. पंचतंत्रात या पक्ष्याची गोष्ट आहे. पोट एक, पण माना दोन. एका तोंडाला अमृतासारखं फळ मिळालं, त्यानं ते एकट्यानंच खाल्लं. दुसऱ्याला राग आला आणि त्यानं सूड म्हणून विषारी फळ खाल्लं. पोट तर एकच! पक्षी मेला.

शब्द कुठूनही आलेला असो, मला ही गोष्ट भारुडाला अगदी चपखल वाटते. भारुडाला दोन तोंडं असतात. एक हसणारं, एक विचार करणारं. पोट एकच.

हल्ली काय होतंय, की हसणारं तोंड एकटंच खातंय. सभांमध्ये, मंडळांच्या कार्यक्रमांत भारुडाच्या नावाखाली नुसते सासू-सुनेचे आणि नवरा-बायकोचे विनोद चालतात. शेवटचा चरण, ज्यात नाथ आपल्या गुरूचं नाव घेऊन सगळं उलगडून दाखवतात, तोच वेळेअभावी कापला जातो. मोबाईलवर तर रोज सकाळी बायकांवरचे चार विनोद येऊन पडतात. बायको खर्चिक, बायको भांडकुदळ, बायको जाडी. आपणही हसतो आणि पुढं पाठवतो! मैत्रिणींनो, नाथांच्या भारुडातली बाईही नवऱ्याला नावं ठेवते. 'दादला' मध्ये तिचं घर मोडकं आहे, अंगावर धड लुगडं नाही, भाजीवर तेल नाही. पण ती स्वतः बोलते. तिच्या दारिद्र्याला आपण हसत नाही, तिच्या ठसक्याला हसतो. आणि शेवटी ती सांगते, की मी जनार्दनाशी एकरूप झाले, ती गोडी या मोडक्या घरात नाही. विनोद तिच्या तोंडात आहे, तिच्या अंगावर नाही. हा फरक फार मोठा आहे.

आणि विचार करणारं तोंड एकटंच खायला लागलं तरी धोका आहेच. तिथं हसू नसतं, नुसता उपदेश असतो. 'संसार म्हणजे माया, सहन कर.' माझ्या कामात मी अशा बायका बघते. हातावर वळ असतात आणि घरातलं कुणीतरी त्यांना तत्त्वज्ञान सांगत असतं! अशा वेळी मी स्पष्ट सांगते, बाई, क्रोधाजीला घालवायला सांगितलंय ते ज्याला राग येतो त्याला. मार खाणारीनं गप्प बसावं, असं नाथांनी कुठंही म्हटलेलं नाही. मारहाण ही माया नाही. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, तिथं जायचं. तत्त्वज्ञान आपलं तोंड बंद करायला कुणी वापरत असेल, तर समजावं, ते नाथांचं नाही.

मी स्वतःसाठी एक साधी कसोटी ठेवली आहे. कुठलाही विनोद किंवा कुठलाही उपदेश ऐकला, की बघायचं, यानंतर समोरची बाई जास्त बोलायला लागली का गप्प झाली? बोलायला लागली, तर त्यात काहीतरी खरं होतं.

आपल्या ओट्यावर

मग आपण काय करायचं? फार काही नाही. बाजारात नाथांच्या भारुडांची लहान पुस्तकं मिळतात, गावच्या वाचनालयातही असतात. भिशीला, भजनाला, बचत गटाला जमलो, की एखादं भारूड मोठ्यानं वाचायचं. ज्या म्हाताऱ्या बायकांना येतं त्यांना म्हणायला सांगायचं. जुने शब्द त्यांनाच विचारायचे, त्यांना बरोबर माहीत असतात आणि त्यांचा मानही राहतो. पोटभर हसायचं. घाई करून अर्थाकडे पळायचं नाही. पण शेवटचा चरण सोडायचा नाही. आणि मग एकच प्रश्न विचारायचा, 'यातली मी कोण?' शेजारीण कोण, जाऊ कोण, हे कुणालाही ओळखता येतं.

मुलांनाही यात ओढता येतं. आमच्या शेजारच्या घरात ही नावं आता चांगलीच रुळली आहेत. परवा तिथल्या आईचा पारा चढला, तर सातवीतली लेक ओट्याजवळ जाऊन म्हणाली, 'नाईकवाडी आलेत वाटतं, पाट मांडू?' आई लाटणं उगारून वळली, आणि हसतच सुटली. पोळी तेवढी करपली. पण ती पोळी आईनं स्वतःच्या ताटात घेतली आणि लेकीला मऊ, तूप लावलेली वाढली. क्रोधाजी आल्या पावली परत गेले. ममताई मात्र अजून आहेत त्या घरात, आणि तूप वाढण्यापुरत्या त्या राहिल्या तर नाथांचीही काही तक्रार नसावी!